नऊ सुंगटं आणि एक माणकी

पहिल्यांदा फेकलं तेव्हा जाळं उघडलंच नाही.
पिळलेल्या चादरीसारखं
एका गोळ्यात साळ नदीत पडलं
आणि जाताजाता शिशाच्या मण्यांनी
माझ्या नडगीवर हरकत नोंदवली.

बेतुलच्या धक्क्यावर
बर्फाच्या कारखान्यातली पोरं बसली होती.
कुणी हसलं नाही.
ते जास्त लागलं.

रुझार म्हणाला, "हातान न्हय, कमरेन उडय."
कमरेने!
छप्पन वर्षांची ही कमर,
केप्याच्या निबंधक कार्यालयात
दुसऱ्यांच्या खरेदीखतांवर वाकून
काटकोनातच वाढलेली.

मग त्याची नात आली, जुलियेता, इयत्ता सहावी.
जाळ्याची कड दातांत धरली,
अर्धं जाळं कोपरावर घेतलं, वळली,
आणि अंधारात एक गोल उमटला
भाकरीएवढा सहज.
"दातांत धरायचं, अंकल. नाहीतर ते ऐकत नाही."
मी धरलं.
शिसं, चिखल, आणि कुणाच्या तरी परवाच्या माशाची चव.

तीन रविवार असेच गेले.
चौथ्या रविवारी, ओहोटीला,
मानशीचा लिलाव घेतलेल्या माणसाची रीतसर परवानगी काढून
(सवय जात नाही)
खाजनाच्या बांधावर बॅटरी धरली
तर पाण्यात डोळे.
तांबडे, जोडीजोडीने,
विझत आलेल्या विड्यांसारखे.
इतके जण मला बघत होते
आणि मला वाटत होतं, मीच बघतोय.

जाळं यावेळी अर्धं उघडलं.
अर्ध्यात नऊ सुंगटं आली.
पहिल्याला उत्साहाने मुठीत धरलं,
त्याने डोक्यावरचा करवती काटा
अंगठ्यात नीट, खोलवर घातला.
शाईच्या पॅडवर
हजारो लोकांचे अंगठे टेकवले मी आजवर.
माझा कुणी घेतला नव्हता.

माणकीची गोष्ट वेगळी.
तिच्यासाठी मडगावातून आणलं
तीनशे ऐंशी रुपयांचं प्लास्टिकचं सुंगट,
गुलाबी, चमचमतं,
शेपटीशी टाचण्यांचे दोन मुकुट.
खऱ्या सुंगटांनी महिनाभर मला फसवलं,
आता मी खोटं घेऊन
आणखी कुणाला फसवायला बसलो,
अवसेच्या रात्री, धक्क्यावरच्या दिव्याखाली.
ओढ. थांब. बुडू दे.
ओढ. थांब.
पलीकडे मोबोरच्या बाजूला कुत्री भुंकत होती.
एका ट्रॉलरवर कुणीतरी कांदा परतत होतं.

हिसका नाहीच बसला.
दोरीला कुणी ओली पिशवी
हलकेच अडकवून गेल्यासारखं झालं, एवढंच.
गुंडाळत गेलो.
ती आली उलटी, मागे मागे सरकत,
जणू यायचं नव्हतंच, निघालीच होती.

दिव्याखाली अंगभर ठिपके
उघडत होते, मिटत होते,
तपकिरी, जांभळे, मग काहीच नाही,
मग पुन्हा सगळे एकदम.
असं कुणाला काही सांगायची घाई असलेलं
मी पाहिलं नव्हतं.
मोठा डोळा. पापणी नसलेला.
मी तोंड जवळ नेलं.

"अंकल, लांब धर!"
उशीर झाला होता.
शर्ट, चष्मा, मिशी.
या खेपेला पोरं हसली, पोट धरून,
रुझारने स्वतःचा टॉवेल दिला,
आणि का कोण जाणे,
मला धक्क्यावर जरा जागा मिळाल्यासारखं वाटलं.

हसून होईस्तोवर ती बादलीत पांढरी पडली होती.
बराच वेळ बघत राहिलो
एखादा ठिपका पुन्हा उघडतो का.
नाही उघडला.
जुलियेताने बादलीवर गोणपाट टाकलं
आणि माझी दोरी पुन्हा पाण्यात सोडली.

घरी कुंदाने तिला आमसुलं घालून शिजवलं.
दोघांना तीन-तीन वाट्या भात,
कालवण मात्र पुरवून पुरवून.

सोमवारी कार्यालयात
पक्षकाराने माझ्या नखांकडे बघून विचारलं,
"साहेब, पेन गळतंय का?"
मी म्हटलं, हो.
आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत,
त्याची तारीख शोधण्याऐवजी,
आधी भरतीची वेळ बघितली.