बहात्तरावा हिस्सा

ब्लांकाने वाढदिवसाला खोकं आणलं.
मिग-एकवीस, एकास बहात्तर.
झाकणावर निळे ढग, आणि ढगांत
आमच्या तळावर कधीच नव्हतं इतकं स्वच्छ विमान.
"बाबा, बोटांना व्यायाम होईल."

आता पोरीला काय सांगू,
या यंत्राला मी आठ हिवाळे आंघोळ घातली आहे.

ऑगस्ट सरत आला की झातेत्समध्ये हॉप्सची तोडणी,
गावभर कडू हिरवा दर्प.
खिडकी लावली तर गोंद डोक्यात चढतो,
उघडली तर हॉप्स.
एक काय ते ठरव, म्हणते द्राहोमीरा,
आणि मेणकापडावर जुना पेपर पसरते.

नाताळच्या कार्प माशाच्या काट्यासारखी
करड्या प्लास्टिकची चौकट;
काट्याकाट्याला भाग, भागाभागाला अंक.
अख्खं विमान वीतभर.
चाक वाटाण्याएवढं.
चिमट्यातून सुटलं की गेलं फरशीवर, शोधा आता गुडघे टेकून,
आणि गुडघे काही बहात्तराने भागले जात नाहीत.

चिकटवायची अक्षरं तर मुंगीच्या पायांची.
भिंगाखाली वाचली: इथे पाय ठेवू नये.
मी तिथेच ठेवायचो.
काचेवर बर्फ धरू नये म्हणून टाकीत अल्कोहोल असायचं,
वहीत जेवढं त्याहून टाकीत थोडं कमी.
तो हिशेब सगळ्यांना ठाऊक होता, कॅप्टनलाही.

दुसरा कुणालाच नव्हता.

जानेवारी. उणे एकोणीस.
अवजारांच्या फळीवर प्रत्येकाची काळी सावली रंगवलेली,
पहाटे चौदा नंबरची सावली रिकामी.
पाना बर्फात पडला, की विमानाच्या पोटात राहिला?
सांगितलं असतं तर विमान थांबलं असतं,
चौकशी, आणि मी बावीस वर्षांचा.
सायकलच्या पेटीतला पाना आणून फळीवर टांगला.
सही केली.

लेफ्टनंट होउश्का शिडी चढला,
नेहमीसारख्या माझ्या टोपीवर दोन टिचक्या मारून.
चाळीस मिनिटं.
मी चाकांच्या ठोकळ्यांपाशी उभा,
हातमोज्यात हात, हातात काही नाही.
आवाज आला, मग ठिपका,
मग शेपटीमागे छत्री उघडली.
खाली उतरून त्याने विचारलं,
आज सूप कसलं आहे?

काही झालं नाही.
पुढे अकरा वर्षं तेच विमान उडालं, काही झालं नाही.
तोडायला नेलं तेव्हा रजा टाकून भंगारात गेलो,
दोन दिवस ढीग उपसला.
ॲल्युमिनियम. नुसतं ॲल्युमिनियम.
होउश्का आता लोउनीला मधमाश्या पाळतो,
दर नाताळला बरणी पाठवतो.
मला तो मध जात नाही,
द्राहोमीराला वाटतं, साखरेमुळे.

पायरी नववी: दोन्ही अंगं जोडण्याआधी
नाकात पाच ग्रॅम वजन भरावं,
नाहीतर विमान शेपटीवर बसतं.
गळाच्या शिशाच्या गोळ्या भरल्या, गोंदाने बसवल्या.
मग तांब्याच्या तारेचा तुकडा कापला, दोन मिलिमीटर,
टोकं हातोडीने चेपली,
भिंगाखाली त्याला जबडा दिसेपर्यंत.
तो पोटात टाकला.
गोंद लावला नाही.
दोन्ही अंगं मिटली, कपड्यांचे चिमटे लावले,
दिवा मालवला.

रविवारी नातू आला. वितेक, सहा वर्षांचा.
दोन्ही हातांत धरून त्याने विमान कानाशी नेलं.
"आजोबा, आत काहीतरी वाजतंय."
शिसं सुटलं असेल, मी म्हणालो.
त्याने पुन्हा हलवलं, पुन्हा ऐकलं,
मान डोलावली, जणू पटलं,
आणि तोंडाने गुरगुरत घेऊन निघाला उडवत,
कपाटावरून, दिव्याखालून, आजीच्या पाठीमागून.

मी टेबलाशी उभा.
खुर्ची होती, बसलो नाही,
मेणकापडावर ते उतरेपर्यंत.