शनिवारी परत देतो

शाळेचे गणवेश माझ्याकडंच असतात.
त्या ओळखीवर भूगोलाच्या बाईंकडून
पृथ्वी मागून आणली.
शनिवारी परत देतो म्हटलं.
स्कूटरवर, पुढं, दोन पायांच्या मध्ये.
बागल चौकात ब्रेक लागला
तेव्हा ऑस्ट्रेलिया हँडलला घासला, थोडा.

दुकानात कापायच्या टेबलावर ठेवली.
गळ्यातला टेप काढला.
कोल्हापूर तिच्यावर छापलेलंच नाही.
मुंबईच्या खाली, गोव्याच्या जरा वर
अंदाजानं खडूचं टिंब दिलं.
त्यात रंकाळा, उजळाईवाडीची धावपट्टी,
मंगळवार पेठ, माझं शिलाई मशीन,
सगळं मावलं.
दुसरं टिंब ऑकलंडला.
तिथं तृप्ती.

आधी छापील रेघांनी गेलो.
सरळ उजवीकडं, मग सरळ खाली.
पंधरा इंच, वर थोडं.
मग माझंच मला हसू आलं.
चाळीस वर्षं पोरांना ओरडतोय,
अरे, हे कापड नव्हे, अंग आहे,
टेप अंगावर पडू दे, त्याला वळू दे.
सैल सोडला.
तो आंध्रावरून घसरून समुद्रात गेला,
सुमात्रा ओलांडली,
ऑस्ट्रेलिया उरेब कापला
आणि टिंबावर जाऊन थांबला.
अकरा.
अर्ध्या बाहीच्या शर्टाची बाही होते तेवढ्यात.

बाईंच्या हिशेबानं बारा हजार किलोमीटर.
तिकिटावर सव्वीस तास लिहिले होते,
त्यातले हवेत सोळा-सतरा,
बाकीचे कुठल्या कुठल्या खुर्चीत.
आमच्या धंद्यातही असंच, शिवण तासाभराची,
काज-बटणाला दोन दिवस.
घड्याळ तिचं साडेसहा तास पुढं.
सहा समजू शकतो.
तो वरचा अर्धा
मला अजून पचला नाही.

परवा फोनवर म्हणाली,
बाबा, एक कुर्ता शिवा.
वही काढली, तिचं पान होतंच,
जाण्याच्या आदल्या रात्री घेतलेलं:
शोल्डर चौदा.
म्हणाली, ते नको, आता तशी नाही राहिले.
मग नवीन पाठव, म्हणालो,
आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं,
कंबर घेता येते, छाती घेता येते,
उंची भिंतीला टेकून घेता येते,
खांदा मात्र
स्वतःचा स्वतःला मोजता येत नाही.
त्याला पाठीमागं माणूस लागतं.

दोन दिवस काही आलं नाही.
मी फोन करणार होतो, केला नाही.
विमानं मोजली. एक सकाळचं, पंख्याचं,
गच्चीवरच्या वाळत्या अस्तरांवरून गेलं
आणि मुंबईच्या बाजूला बारीक झालं.

आज माप आलं. सदतीस.
सेंटिमीटरमध्ये, आणि खाली लिहिलेलं,
शेजारच्या सिनानं घेतलं,
तिचे हात खूप गार होते, मी ओरडले.

टेप उलटा केला.
त्याची ही बाजू मी कधी वापरलीच नव्हती,
आकडे कोरे करकरीत.
सदतीस म्हणजे साडेचौदा.
अर्धा इंच वाढला.

वहीत जुन्याच्या शेजारी लिहिलं. खोडलं काही नाही.
मोतिया रंगाचं खादी सिल्क आहे, अडीच मीटर,
तेच काढलं.
खडू कापडावर टेकवला आणि
दाब नेहमीपेक्षा थोडा जास्तच सोडला.

उद्या शनिवार.
टिंबं पुसायला हवीत.
ऑकलंडचं पुसलं.
कोल्हापूरचं राहू दे, बाईंना सांगेन,
शाळेच्या उपयोगी पडेल.