पर्यंत

बाबा नेमप्लेट रंगवायचे. शालिक पेंटर,
गोळीबार चौक, सायकलच्या दुकानाशेजारी.
अधिवेशन तोंडावर आलं की बांधकाम खात्याचा
हेडाऊ ओव्हरसियर स्कूटरवर यायचा,
चिठ्ठी द्यायचा. एक नाव, एक हुद्दा.
"यंदा हे आहेत."
मागच्या डिसेंबरातही तो असंच म्हणाला होता.

सागवानाची तीच फळी.
बाबा जुनं नाव काढायचे, आधी सोड्यानं,
मग पत्र्यानं, मग काचेच्या तुकड्यानं.
हुद्दा तसाच ठेवायचे.
"तो कायले पुसाचा? तो तं राह्यतेच."

पण त्यांच्या उस्तादांनी एकदा
हुद्द्यासकट फळी पुसली होती,
राजधानी भोपाळला गेली त्या साली.
म्हणे चार वर्षं ती दुकानात भिंतीला तोंड करून उभी होती.
मग आमच्या गावाला सरकार मिळू लागलं
भाड्याच्या मंडपासारखं,
थंडीत, थोडे दिवस, खिळे परत मोजून घेऊन.

एकाचं आडनाव एवढं लांब
की 'श्री' फळीच्या कडेला जाऊन टेकला.
एकाला शिरोरेघ चढती हवी होती,
ज्योतिषानं सांगितलेली. तो फेब्रुवारीत गेला.
एक जण स्वतः फाटकाशी आले,
म्हणाले, "'ळ' सुरेख काढलात. चहा घेऊन जा."
त्या एका 'ळ'साठी बाबा
जन्मभर त्यांच्या पक्षाला मत देत राहिले.
आई दुसऱ्याला.

मोर्च्याचे फलकही बाबाच रंगवायचे.
तोच ब्रश, खारीच्या शेपटीचा.
सकाळी नाव,
रात्री त्याच नावापुढे मुर्दाबाद.
ऱ्हस्व-दीर्घ दोन्हीकडे बरोबर.
दर मात्र मोर्च्याला निम्मा.

एका वर्षी रंग वाळलाच नाही.
रात्री साडेनऊला हेडाऊ परत आला,
स्कूटर चालूच ठेवून म्हणाला,
"शालिकभाऊ, बदललं."
बाबांनी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला,
मोरीत टाकला, जेवायला बसले.
भाकरीला वास येत होता. कुणी काही बोललं नाही.

पुढे ती फळी भेगाळली आणि आमच्या घरी आली.
आईनं रांजणावर ठेवली,
नाव खाली, पाण्याकडे.
मे महिन्यात पाणी घ्यायला झाकण उलटलं
की ओल धरून सगळे वर आलेले दिसायचे,
कुणाची वेलांटी, कुणाचा काना,
एकावर एक,
मिळून एकच माणूस, न वाचता येणारा.
मी तांब्या बुडवायची आणि त्याला परत पालथा घालायची.

आता मी विनाइल कापते. दहा मिनिटांचं काम.
हेडाऊचा मुलगा नाव व्हॉट्सॲपवर पाठवतो,
कधी कधी लगेच डिलीटही करतो.

पण खात्याच्या जिन्यात एक यादी आहे,
ती अजून हातानंच लिहायची :
नाव. पासून. पर्यंत.
शेवटच्या माणसाचं 'पर्यंत' कोरं असतं.
बाबा गेल्यावर पहिल्यांदा मी तिथे स्टुलावर चढले
तेव्हा दिसलं,
खाली त्यांनी पाच ओळी आखून ठेवल्यात,
पेन्सिलीनं, फिकट,
कोण येणार ते माहीत नसताना
अंतर अगदी सारखं.

दोन भरल्या मी.
रेघा खोडायच्या असतात रंग वाळल्यावर.
मी खोडल्या नाहीत.