तीन आटे

रबाळ्याला, नाल्याच्या अंगाला आमचा गाळा:
एक बेंच, दोन गेज, नायट्रोजनची बाटली,
आणि भिंतीवर वडिलांनी ऑइलपेंटने लिहिलेलं
'घाई असेल तर दुसरीकडे जा'.
लोक जातात.

मी सेफ्टी व्हॉल्व्ह तपासते.
बॉयलरच्या डोक्यावर बसतो तो, नारळाएवढा.
वर्षभर काम एकच, गप्प राहणं,
आणि एखाद्या दिवशी साडेदहा किलोला
कुणालाही न विचारता बोलणं.

बेंचवर घेतला की दाब चढवत नेते.
नऊ. साडेनऊ. दहा.
इथे माझा श्वास आपोआप थांबतो,
एकवीस वर्षं झाली तरी.
मग फट्ट!
शेजारच्या गाळ्यातल्या मांजरीलाही अजून सवय नाही.

पवन्याच्या डाइंगवाल्या उदेशींचा व्हॉल्व्ह
यंदा साडेतेराला सुटला.
शिशाचं सील तुटलेलं,
स्प्रिंग तीन आटे आवळलेली.
"वाफ उडते म्हणजे कोळसा उडतो, कुंदाताई.
आणि मी माझाच कारखाना कशाला उडवीन?
फुटला तर धंदा बसेल माझा.
बाजार कुणाला सोडत नाही,
तुमच्या सरकारपेक्षा कडक असतो."
खोटं बोलत नव्हते. हिशेबाचा पक्का माणूस.
मी विचारलं, रात्री बॉयलरजवळ कोण असतं?
"रामसजीवन."
त्याने कुठल्या बाजारातून निवडला हा बॉयलर?
ते मोबाइल बघू लागले.

सरकार म्हणाल तर तेही येतं.
काच खाली, शिक्का बाहेर, काच वर.
एका साहेबांनी तर असा बॉयलर पास केला
जो दोन वर्षांपूर्वीच भंगारात
किलोवर विकला गेला होता.
महाप्यात एक जण अर्ध्या पैशात सर्टिफिकेट देतो,
व्हॉल्व्ह न बघता, व्हॉट्सॅपवर.
त्याच्याही कागदावर मान्यतेचा नंबर असतो,
माझ्यासारखाच.
मला तो मिळायला चौदा महिने लागले होते.

तरी एकदा तळेकर बाई आल्या.
टॉर्च तोंडात धरून ड्रमखाली सरपटल्या,
पाठभर काजळी घेऊन बाहेर निघाल्या
आणि अकरा दिवस उदेशींचा कारखाना बंद.
उदेशींनी फोन लावले, वरपर्यंत.
शिव्या मात्र रामसजीवनने घातल्या,
अकरा दिवसांच्या मजुरीच्या.
त्या महिन्यात त्याच्या मुलीची फी होती.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
मला अजून कळलेलं नाही.
बाईंची बदली झाली, चंद्रपूरला.

या जागेवर आमचं मिठागर होतं म्हणे.
एकाने घेतलं, दुसऱ्यांना दिलं,
भाव दोघांनी ठरवला, अंगठा आजोबांचा.
त्याआधी, उधाणाच्या आदल्या संध्याकाळी
आजोबा उघाडीची फळी हाताने चाचपायचे,
बोटं घालून, चिखलात, पाण्याखाली.
कुणी नेमलं नव्हतं, कुणी मोजतही नव्हतं.
पण झोपायचे ते
बांधाच्या आतल्या बाजूला.

उदेशींना मी कागद दिला नाही.
व्हॉल्व्ह उचलून ते डिकीत घालून निघाले,
दुसऱ्या दिवशी बॉयलर चालू होता
म्हणजे महाप्याहून आले असतील.

परवा रात्री दीड वाजता फोन वाजला.
रामसजीवन.
"दीदी, कितीने आवळलाय तो?"
तीन आटे, मी म्हणाले.
पलीकडे बराच वेळ नुसती घरघर,
कोळशाचं फावडं कुठेतरी टेकवल्याचा आवाज.
मग म्हणाला,
"सैल करायला डावीकडेच ना?"

मी अंथरुणात उठून बसले.
म्हणाले, थांब.
आधी आग कमी कर.