वीस अंश

डेव्हलपर वीस अंशांवर हवा, असं डब्यावर छापलंय.
परभणीत मे महिना. भिंतसुद्धा चाळीसची.
दस्तगीरचाचा बाटलीला ओलं फडकं गुंडाळतात,
माठाच्या बुडाशी बसवतात,
आणि तरी नाहीच जमलं तर
मला कुलफीवाल्याकडं पिटाळतात
दहा रुपयांच्या बर्फाला.

पहिला रोल कोरा निघाला.
छत्तीस वेळा श्वास धरून बटण दाबलं होतं;
फिल्म दात्यांत बसलीच नव्हती.
चाचा हसले नाहीत. म्हणाले,
"डावीकडची चावी फिरते का बघायचं.
ती फिरली नाही, म्हणजे आत काही चाललेलं नाही."

मग आठवडाभर, डोळे मिटून,
जुनी फिल्म रिळावर चढवणं.
बोटांना दिसायला लागलं त्या दिवशी
चहात साखर जास्त होती. बोलले काही नाहीत.

"माप सावलीचं घे.
ऊन आपलं आपण बघून घेतं,
त्याची काय कमी आहे इथं?"

मी मोंढ्यात गेले.
हरभऱ्याच्या पोत्याखाली वाकलेल्या केरबाच्या
हनुवटीखालच्या तेवढ्याशा काळोखाचं
मीटर घेतलं.
"काळ्याचा फोटू काळाच येणार न्हवं का, ताई?"
पोतं न उतरवता त्यानं विचारलं.

लाल दिवा. ट्रेमध्ये कागद.
"बनी तो बनी," चाचा पुटपुटतात,
"नहीं तो परभणी."
प्रत्येक कागदाला, इतकी वर्षं.
आधी डोळ्यांच्या खोबणी आल्या,
मग पोत्याची शिवण,
आणि किती तरी वेळानं
पांढऱ्या मुंडाशाच्या घड्या.
पुढचा कागद लावला तर लाईट गेली.
अंधार आमच्याकडं फुकट,
उजेड मोजून मिळतो.

धुवायला वाहतं पाणी लागतं, तासभर.
नळ आठव्या दिवशी येतो, तेव्हा बाराव्या दिवशीही नव्हता.
दोन बादल्यांत भागवलं.

दिवाळीत पाकीट उघडलं
तर केरबाच्या कपाळावर पिवळा डाग.
हायपो पुरता निघाला नव्हता.
पाणी होतं, दुसरी काढली. नितळ.
ती त्यानं नेली,
घरात कॅलेंडरच्या खिळ्याला लावली म्हणे, कॅलेंडरच्या वर.

पिवळी माझ्याकडं आहे.
मागं पेन्सिलीनं लिहिलंय:
अकरा सेकंद. एफ आठ.
बर्फ दहा रुपये.
पाणी नाही.