हातगुण

रे रोडच्या गोदामामागे, डांबराच्या पिंपात सापडला,
म्हणून रजिस्टरात नाव: डांबर.
आम्ही ड्रेसर लोक डांबरट म्हणायचो.
पहिल्याच दिवशी तिघांना चावला,
मला दोनदा.

चार दिवस खोबरेल ओतून ओतून काढलं अंगावरचं काळं.
नऊ लिटर गेलं. भुसा वेगळा.
खाली गुलाबी कातडी निघाली
आणि कातडीवर वळ,
डांबराच्या आधीचे.
ते तेलानं निघेनात.

मग परळच्या आमच्या दवाखान्यात
सगुणामावशी आली, काळाचौकीहून चालत.
चाळीस वर्षं बाळंतिणींची अंगं रगडलेली,
पायांवर तान्ही पोरं घेऊन न्हाऊ घातलेली.
आता चाळींचे टॉवर झाले,
वॉचमन विचारतो, कुणाकडे जायचंय?
डॉक्टर खंबाटा म्हणाल्या,
हल्ली करतात असं. ऊर्जा वगैरे. कोर्स असतो.
मावशी म्हणाली, कोर्स राहू दे,
बसायला पाट द्या.

पाट कुठला?
सलाइनचा खोका दिला, उलटा.
पिंजऱ्याकडे पाठ करून बसली दोन तास
आणि लसूण सोलला.
मी हसलो.
दुसऱ्या दिवशीही लसूण.
तिसऱ्या दिवशी एक हात मागे नेऊन
फरशीवर ठेवून दिला, तळवा वर,
कुणीतरी अंगणात विसरलेल्या वाटीसारखा.
डांबरनं तो लांबूनच हुंगला
आणि कोपऱ्यात जाऊन मुतला.

आठवड्यानं पिंजऱ्यात शिरली.
हात त्याच्या अंगावर नाही,
अंगापासून दोन बोटं वर.
हे काय, मावशी?
तव्याची आच नाही का बघत आपण,
भाकरी टाकायच्या आधी? तसं.
कुठे तापलंय, कुठे गार पडलंय.
आणि डोक्यावरून नको आणूस हात.
वरून येतो तो मार.
खालून आण, छातीशी.

हाताला गुण आहे तुमच्या, मी म्हटलं.
गुणबिण काही नाही रे, ती म्हणाली,
घाई नाही एवढंच.

माझे हात धरायचे.
मानगूट, जबडा, मागचे पाय.
एकवीस वर्षं सुईसाठी घट्ट धरून ठेवलं
कुत्री, बोके, एकदा व्हिक्टोरियाची घोडी.
सोडावं कसं, हे कुणी शिकवलं नाही.

श्वास मी मोजायचो. मिनिटाला ऐंशी.
मावशी उठायची तेव्हा चौतीस.
योगायोग, डॉक्टर म्हणाल्या.
दुसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा
चष्मा काढून पुसत होत्या.
रजिस्टरात उपचाराचा रकाना बोटभर रुंद.
ड्रेसिंग, अँटिबायोटिक,
आणि उरलेल्या जागेत मी लिहिलं:
बसली.

मग मावशीला ताप आला.
लेक घेऊन गेली नालासोपाऱ्याला.

त्या रात्री बाहेरून वरात गेली,
सुतळी बॉम्ब, एकामागून एक.
सगळा वॉर्ड भुंकत उठला,
एक तो सोडून.
तो भिंतीत शिरायला बघत होता.
मी इंजेक्शन भरलं. ट्रेमध्ये ठेवलं.
खोका ओढला, जाळीला पाठ लावून बसलो.
लसूण नव्हता. बँडेजच्या गुंडाळ्या केल्या,
उलगडल्या, परत केल्या.

पाठ फिरवणं म्हणजे सोडून जाणं,
असंच शिकलो होतो घरी.
बापानं फिरवलेली, मग मी.
तीनच्या सुमारास जाळीतून
ऊब लागली कमरेला.
वळून बघायचा मोह झाला.
नाही वळलो.
त्यानंही पाठ फिरवली होती माझ्याकडे,
आणि घोरत होता
एखाद्या दमलेल्या हमालासारखा.

सकाळी इंजेक्शन तसंच होतं ट्रेमध्ये.
डॉक्टरांनी रजिस्टर वाचलं,
माझं शुद्धलेखन तपासल्यासारखं.
बसली चं बसलो केलंस, म्हणाल्या.
मी म्हटलं, हो.
खोका मोडलाय, मॅडम.
पाट मागवा एक.