अकरा ओळी

दोन राज्यांचे दोन मृदा-नकाशे
पडद्यावर शेजारी ठेवले,
तर कोट्टलगीच्या पुढं, बाबगोंडांच्या मळ्यात
ते एकमेकांना टेकतच नाहीत.
मधे पांढरी फट.
माती: माहिती नाही. उतार: माहिती नाही.
शिराजच्या अकरा ओळी मात्र तिथंच उभ्या.

ऊन दोन्हीकडून सारखंच चढतंय.
साखर आधी भरते, रंग मागं राहतो,
तोडणी यंदा नऊ दिवस अलीकडं आली.

'आणि ह्या फटीत?' मी विचारलं.
त्यांनी मणी तोंडात टाकला,
बी दाताखाली फोडून आवाज ऐकला.
'इन्नू इल्ला.' अजून नाही.
'खाली चुनखड हाय की ओ. गार राहतंय.'

रकान्यात भरलं: चुनखड.
पुढचा रकाना स्रोत विचारतो.
लिहिलं: दात.